तापच नाही, मग रक्त कशाला? छुप्या मलेरियाच्या शोधाला निघणाऱ्यांसाठी

माझ्या सहीची एक निगेटिव्ह स्लाइड मी जपून ठेवली आहे. चाळिशीतला धडधाकट माणूस, ताप नाही, थंडी नाही. सर्वेक्षणात नाव आलं म्हणून त्याने बोट पुढे केलं होतं. मी शंभर फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारे शंभर तुकडे, बघितली, काही दिसलं नाही, 'निगेटिव्ह' लिहून मोकळी झाले. त्याच बोटाचे दोन-तीन थेंब फिल्टर पेपरवरही गेले होते. महिन्याभराने पीसीआरचा, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीचा, निकाल आला: फाल्सिपेरम, मलेरियाचा एक परजीवी. वीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या बाईला हे झोंबणारच. संध्याकाळी स्लाइड पुन्हा काढली आणि हट्टाने बघत बसले. तीनशेच्या पुढे कुठल्यातरी फील्डमध्ये एक रिंग, म्हणजे अंगठीसारखा दिसणारा कोवळा परजीवी, सापडली. एकच.

पहिल्या वेळी मी कामचुकारपणा केला नव्हता. शंभर फील्ड हा नियमच आहे. पण तो नियम तापाने फणफणून आलेल्या रुग्णासाठी आहे, ज्याच्या रक्तात परजीवी हजारांनी असतात. ज्याला काहीच होत नाही अशा माणसाच्या रक्तात ते मोजके असतात, आणि मलेरिया कमी उरलेल्या भागात सापडणारी बहुतेक लागण याच प्रकारची असते. तुम्ही अशा भागात सर्वेक्षणाला निघणार असाल, तर माझ्याकडून शिकण्यासारखं जे काही आहे ते पुढे लिहिते. त्यातला निम्मा भाग माझ्या चुकांचा आहे.

आधी एक हिशेब, तोही कागद-पेन्सिल घेऊन

स्लाइडवर रक्ताचा थेंब जाडसर पसरून केलेल्या थराची, म्हणजे जाड थराची, शंभर फील्ड म्हणजे साधारण पाव मायक्रोलिटर रक्त. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त, म्हणजे पन्नास लाख मायक्रोलिटर. समजा दर मायक्रोलिटरमागे दोन परजीवी आहेत. म्हणजे त्या माणसाच्या रक्तात एक कोटी परजीवी फिरत आहेत, आणि तुमच्या पाव मायक्रोलिटरच्या वाट्याला सरासरी अर्धा येतो. अर्धा परजीवी तर दिसत नाही. अशा दहा स्लाइड बनवल्या तर सहांमध्ये एकही नसेल. रंगवताना आणि धुताना जाड थरातून काही परजीवी वाहून जातात ते वेगळंच.

म्हणून प्रत्येक तपासणीची नजर कुठपर्यंत पोचते ते तोंडपाठ असू द्या. चांगल्या प्रयोगशाळेत मुरलेला माणूस मायक्रोलिटरमागे दहाच्या आसपास परजीवी असले तरी पकडतो. प्रत्यक्ष कामाच्या धबडग्यात ही मर्यादा ५० ते १०० वर जाते. थेंबभर रक्तावर पट्टी उमटवून झटपट निकाल देणाऱ्या रॅपिड किटची मर्यादा १०० ते २००. साधी पीसीआर एका परजीवीपर्यंत उतरते. नसेतून मिलिलिटरभर रक्त घेऊन केलेली अतिसंवेदनशील पीसीआर तर अख्ख्या मिलिलिटरमधले वीस-बावीस परजीवीही पकडते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ साली संशोधकांनी जो अंदाज मांडला तो मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते: प्रसार अगदी कमी झाला की माणसाकडून डासाकडे जाणाऱ्या एकूण लागणीतला २० ते ५० टक्के वाटा अशा, मायक्रोस्कोपला न दिसणाऱ्या वाहकांचा असतो. एकेक वाहक डासांना कमी लागण देतो, पण वाहक संख्येने पुष्कळ असतात.

हे ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'मग चांगलं मशीन कधी येणार?' मशीन येईल. पण परजीवी नुसता मशीनपासून लपत नाही. तो तीन ठिकाणी लपतो: तपासणीच्या मर्यादेखाली, शरीराच्या एखाद्या अवयवात, आणि ज्या माणसाच्या बोटाला तुम्ही टोचलंच नाही त्याच्या रक्तात. माझ्या अनुभवात तिसरी जागा सगळ्यांत मोठी आहे. तिला मशीन लागत नाही, दुसरी फेरी लागते.

कोणाला शोधताय ते ठरवा

निघण्यापूर्वी एक वाक्य लिहून काढा: हे सर्वेक्षण कशासाठी आहे? वस्तीत किती टक्के लोकांच्या रक्तात परजीवी आहे हे काढायचं, वाहक शोधून औषध द्यायचं, की इथे मलेरिया संपला हे दाखवायचं? तिन्हींची आखणी वेगवेगळी होते. शेवटच्या प्रकारात लोक फार लवकर खूश होतात. तीनशे जण तपासले आणि एकही सापडला नाही, तर त्याचा अर्थ 'शून्य टक्के' होत नाही. तीन भागिले तीनशे करा: खरं प्रमाण एक टक्क्यापर्यंत असूनही तुम्हाला शून्य मिळू शकलं असतं. हा तीनचा नियम सोपा आहे, पण तो यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडीला लागू पडतो. लागण एकेका घरात, एकेका कामाच्या टोळीत गोळा झालेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात माणसं याहून जास्त, कधी दुपटीने तपासावी लागतात.

आकडा लहान झाला की काम संपलं असं वाटणाऱ्यांना मी श्रीलंकेचं उदाहरण देते. १९६३ साली तिथे देशभरात मलेरियाचे फक्त १७ रुग्ण नोंदले गेले. फवारणी थांबली, लक्ष उडालं, आणि दशक संपता संपता रुग्ण लाखांत गेले. मलेरियामुक्त देशाचा दाखला मिळायला २०१६ उजाडावं लागलं.

यादी करताना

इथे मी रेंगाळणार आहे, कारण सर्वेक्षण बिघडतं ते इथेच.

१९०० च्या सुमाराला रॉबर्ट कॉख न्यू गिनीत वेगवेगळ्या वयाच्या लोकांचं रक्त तपासत होते. लहान मुलांच्या रक्तात परजीवी भरपूर, मोठ्यांच्या रक्तात जवळजवळ नाहीत. वारंवार लागण होऊन मोठ्यांना प्रतिकारशक्ती येते, हा त्यांचा निष्कर्ष बरोबर होता. पण त्या मायक्रोस्कोपला मोठ्यांमधले मोजके परजीवी दिसणं शक्यच नव्हतं. प्रतिकारशक्ती परजीवीला हाकलत नाही, बहुतेक वेळा दबावून ठेवते. म्हणून आजही नुसत्या स्लाइडवर सर्वेक्षण केलंत तर 'मुलांमध्ये जास्त, मोठ्यांमध्ये नाही' असं चित्र येतं, आणि तेच नमुने पीसीआरला दिले की मोठी माणसं वर येतात.

शाळेची मुलं सगळ्यांत सोपी. एका जागी सापडतात, हजेरीपट तयार असतो, सकाळभरात शंभर बोटं होतात. त्यांना वगळू नका. जिथे प्रसार जास्त आहे तिथे पाच ते पंधरा वयाची मुलं हाच वाहकांचा मोठा साठा असतो, कारण त्यांना ताप कमी येतो आणि दवाखान्यात कोणी नेत नाही. पण कमी प्रसाराच्या भागात नुसती शाळा तपासून गप्प बसणं म्हणजे जिथे उजेड आहे तिथेच किल्ली शोधणं. तिथली लागण बऱ्याचदा घरात होतच नाही. ती जंगलात रात्र काढणाऱ्यांना, खाणीत उतरणाऱ्यांना, सीमेवर पहारा देणाऱ्यांना, हंगामी कामाला दुसरीकडे जाऊन आलेल्यांना होते. मेकाँग नदीच्या खोऱ्यातल्या देशांत उरलेला मलेरिया मुख्यतः जंगलात जाणाऱ्या पुरुषांमध्ये सापडतो, आणि हे पुरुष सकाळी अकरा वाजता घरी कधीच नसतात.

अकरा वाजता आपण असतो.

एक कल्पित वस्ती घ्या. लोक चारशे. तुम्हाला भेटले तीनशे, त्यांत तीन पॉझिटिव्ह. अहवालात एक टक्का. न भेटलेले शंभर जर बहुतेक कामासाठी बाहेर राहणारे पुरुष असतील आणि त्यांच्यातलं प्रमाण सहा टक्के असेल, तर सापडलेल्यांच्या दुप्पट वाहक तुमच्या यादीबाहेर आहेत. खरं प्रमाण सव्वादोन टक्के, आणि तुम्ही एक टक्का लिहून सही केलीत.

म्हणून माझ्या वहीत 'घरी नव्हते' हा रकाना पहिला असतो. त्यात वय, लिंग, काम काय, रात्री कुठे असतात, कधी परत येतील, एवढं लिहायचं. नाव लिहायला माणूस समोर असावा लागत नाही. घरातली कोणीतरी बाई सगळ्यांचं सांगते, तेही न विचारता थोडं जास्तच. दुसरी फेरी सूर्य मावळल्यानंतर किंवा उजाडायच्या आत. तिसरी थेट कामाच्या जागी. मुकादमाला आधी भेटा, आणि कोणाचा निकाल काय आला हे त्याला सांगणार नाही हे त्याच्या तोंडावरच सांगा. नाहीतर पॉझिटिव्ह निघालेल्याचं काम जाईल आणि पुढच्या वेळी तुम्हाला बघून सगळे पांगतील. हे होताना मी बघितलं आहे.

गरोदर बायांचा गट वेगळा मोजा. फाल्सिपेरमची लागण झालेल्या रक्तपेशी वारेत चिकटून बसतात, त्यामुळे बोटातलं रक्त स्वच्छ आणि वार परजीवींनी भरलेली असं होऊ शकतं. पहिलटकरणीत हे जास्त, कारण वारेत बसणाऱ्या त्या प्रकाराशी तिच्या शरीराची ओळखच नसते. तिला स्वतःला काही जाणवत नाही. रक्त कमी होतं, बाळ कमी वजनाचं होतं. 'दिवस गेलेत का' हा प्रश्न दारात, सासू-नवऱ्यासमोर विचारू नका. बाजूला घ्या, आणि टीममध्ये एखादी बाई असेल तर तिला विचारू द्या.

सहा महिन्यांखालच्या बाळांमध्ये फारसं सापडत नाही. आईवडिलांची हरकत असेल तर मी तिथे हट्ट धरत नाही. म्हाताऱ्यांना मात्र सोडू नका. मलेरिई नावाचा मलेरियाचा आणखी एक परजीवी रक्तात दशकानुदशकं राहू शकतो, आणि असे वाहक कधीकधी रक्तदानानंतरच उघडकीला येतात, रक्त घेणाऱ्याला ताप आल्यावर. परक्या जागेहून आलेल्यांची चौकशी करताना गेल्या आठवड्यापुरती करू नका. फाल्सिपेरमही उपचार न मिळाल्यास वर्षभर आणि त्याहून जास्त टिकतो.

कधी जायचं

पावसाळ्यानंतर रुग्ण वाढतात म्हणून सगळे तेव्हाच सर्वेक्षण करतात. वाहक शोधायचे असतील तर कोरड्या महिन्यांत, डास जवळजवळ नसताना, एक फेरी जरूर करा. तेव्हा ज्याच्या रक्तात परजीवी आहे तोच पुढच्या पावसापर्यंतचा पूल. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात झालेल्या अभ्यासात दिसलं की कोरड्या ऋतूत लागण झालेल्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीला कमी चिकटतात, जास्त वेळ फिरत राहतात, त्यामुळे प्लीहा त्यांना गाळून काढते. संख्या कमी राहते, माणूस आजारी पडत नाही आणि परजीवी महिनोन्महिने तग धरतो.

दिवसाचाही फरक पडतो. फाल्सिपेरमचं रक्तातलं चक्र ४८ तासांचं. त्यातल्या साधारण पहिल्या निम्म्या काळातच तो रिंगच्या रूपात बोटाच्या रक्तात सापडतो, नंतर ती पेशी खोलवरच्या बारीक वाहिन्यांत चिकटून बसते. परजीवी थोडे आणि एकाच वयाचे असतील तर आज निगेटिव्ह आलेला माणूस उद्या पॉझिटिव्ह येऊ शकतो. जमेल तिथे, निदान यादीतल्या थोड्या लोकांचं, एक-दोन दिवसांनी पुन्हा रक्त घ्या. एका फेरीत किती निसटतात त्याचा अंदाज त्यावरून येतो.

एका टोचणीत तीन कामं

टोचणी एकदाच, म्हणून क्रम ठरलेला हवा. अनामिका, बोटाची कड, स्पिरिट पूर्ण वाळल्यावर टोचा. पहिला थेंब पुसा. मग रॅपिड किट, मग स्लाइड, शेवटी फिल्टर पेपर. हात गार असतील तर आधी चोळायला लावा. दाबून काढलेल्या रक्तात पाणी मिसळतं आणि आपल्याकडे तर एकेका परजीवीचा हिशेब आहे.

एकाच काचेवर जाड आणि पातळ थर. जाड थर दहा-बारा मिलिमीटरचा गोल, त्यातून छापील अक्षरं कशीबशी वाचता यावीत इतपत. पातळ थर पक्का करायला मिथेनॉल, जाड थराला थेंबही नाही. उन्हात किंवा गाडीच्या बॉनेटवर स्लाइड वाळवू नका. उष्णतेने जाड थर आपोआप पक्का होतो, मग तांबड्या पेशी फुटत नाहीत आणि खाली काय आहे ते कधीच कळत नाही. गिम्सा हा स्लाइड रंगवायचा रंग रोज ताजा पातळ करा, पाण्याचा पीएच ७.२. घाईत दहा टक्क्यांचा दहा ते पंधरा मिनिटं. वेळ असेल तर तीन टक्क्यांचा पाऊण तास. छुप्या लागणीसाठी मी नेहमी तीन टक्के वापरते, रंग स्वच्छ येतो.

नंबर पेन्सिलने, काचेच्या खरखरीत टोकावर. मी एकदा मार्करने लिहिलं. मिथेनॉलमध्ये बुडवलं आणि चाळीस स्लाइड अनाथ झाल्या. तोच नंबर किटवर, कागदावर आणि वहीत, आणि चारही जागी एकाच माणसाच्या हातचा.

फिल्टर पेपरवर थेंब एकमेकांना टेकू देऊ नका, बोट कागदावर घासू नका. कागद आडवा, हवेशीर जागी, निदान तीन-चार तास, दमट हवा असेल तर रात्रभर वाळू द्या. मी रात्रभर ठेवले आणि सकाळी मुंग्यांनी अकरा ठिपके पोखरलेले. तेव्हापासून स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत असतात आणि वरून जाळी. वाळल्यावर प्रत्येक कागद वेगळ्या झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदला. ओलसर कागदातला डीएनए कुजतो, आणि तुम्हाला निगेटिव्ह निकाल मिळतो जो खरं तर बुरशीचा असतो.

बघणं आणि मोजणं

निगेटिव्ह लिहिण्याआधी शंभरवर थांबू नका, दोनशे तरी बघा. प्लेटलेट तांबड्या पेशीवर बसली की व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाचा दुसरा परजीवी, भासते, रंगाचा कण रिंग भासतो. परजीवीचं लाल क्रोमॅटिन (केंद्रकाचा ठिपका) आणि निळं सायटोप्लाझम (भोवतालचा भाग) दोन्ही दिसल्याशिवाय नाव देऊ नका. चंद्रकोरीसारखे फाल्सिपेरमचे गॅमेटोसाइट, म्हणजे परजीवीची नर-मादी रूपं, दिसले तर वेगळे नोंदवा. डासाला लागण त्यांच्यामुळेच होते, आणि ते तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणजे लागण जुनी आहे.

मोजणी पांढऱ्या पेशींच्या तुलनेत. मायक्रोलिटरमागे आठ हजार पांढऱ्या पेशी धरतात. पाचशे पांढऱ्या पेशी मोजताना तीन परजीवी सापडले, तर ३ गुणिले ८००० भागिले ५००, म्हणजे मायक्रोलिटरमागे ४८. दर चाळीस मिनिटांनी उठून लांबचं बघून या. सगळ्या पॉझिटिव्ह आणि दहातली एक निगेटिव्ह दुसऱ्याने, तुमचा निकाल न बघता तपासावी. तो दुसरा तुमचा साहेब नसावा.

रॅपिड किटबद्दल माझं मत थोडं कडू आहे. तापाच्या रुग्णाला किट वरदान आहे. वाहक शोधायला ते एकटं पुरत नाही. किट जे शोधतं ते फाल्सिपेरमचं एचआरपी-२ हे प्रथिन परजीवी मेल्यावरही कित्येक आठवडे रक्तात राहतं, म्हणून 'गेल्या महिन्यात औषध घेतलं का' हे विचारल्याशिवाय पट्टीवर विश्वास नको. उलट काही परजीवींत या प्रथिनाचं जनुकच नसतं. २०१० मध्ये पेरूमधून अशी नोंद आली, नंतर इतर खंडांतूनही. तिथे पट्टी कोरी राहते. शिवाय एक गणित: हजार लोक, त्यांत खरे वाहक पाच. किटने त्यातले दोन पकडले. किट शंभरातल्या नव्व्याण्णव निरोगींना बरोबर निगेटिव्ह म्हणतं असं धरलं, तरी दहा खोटे पॉझिटिव्ह येतील. बारा पट्ट्या उमटल्या आणि खऱ्या दोनच. लागण जितकी कमी, तितकी पॉझिटिव्हची फेरतपासणी जास्त गरजेची.

पीसीआरचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर नमुने एकत्र करून तपासा. वाहक एक टक्का असतील आणि दहा-दहा नमुन्यांचा एक गट केला, तर हजार लोकांचे शंभर गट होतात. त्यांतले साधारण दहा पॉझिटिव्ह येतात, त्या दहांतले शंभर नमुने सुटे तपासायचे. हजारऐवजी दोनशे तपासण्या. पण वाहक दहा टक्के असतील तर पासष्ट गट पॉझिटिव्ह निघतात आणि साडेसातशे तपासण्या होतात, म्हणजे गट करून फारसं हाती लागत नाही. शिवाय दहांत मिसळलं की रक्त दहापट पातळ होतं, मायक्रोलिटरमागचा एक परजीवी एक दशांशावर येतो. मी पाचाच्या वर जात नाही.

व्हायवॅक्सचं प्रकरण वेगळं

वरचं सगळं नीट केलंत तरी व्हायवॅक्स तुम्हाला चकवेल. तो यकृतात हिप्नोझोइट म्हणून झोपून राहतो आणि आठवड्यांनी, महिन्यांनी उठतो. त्या झोपलेल्या रूपाला पकडणारी रक्ताची तपासणी नाही, पीसीआरही नाही. शिवाय इंडोनेशियातल्या पापुआ भागात, वेगळ्या कारणांनी काढाव्या लागलेल्या प्लीहा तपासल्यावर, लक्षणं नसलेल्या लोकांच्या प्लीहेत जिवंत परजीवींचा प्रचंड साठा दिसला. व्हायवॅक्सचे तर जवळजवळ सगळेच, ९८ टक्क्यांहून जास्त, प्लीहेत होते. बोटाच्या रक्तात आपण बघतो ती सांडलवंड.

त्यामुळे व्हायवॅक्सच्या भागात गेल्या वर्षभरातल्या जुन्या रुग्णांची यादी काढून त्यांच्याकडे पुन्हा जाणं मला आंधळ्या सर्वेक्षणापेक्षा जास्त फळलं आहे. झोपलेल्या रूपावर प्रायमाक्विन चालतं, पण जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. आधी ती तपासणी, गरोदर बाईला आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला नाही, आणि मात्रा तिथल्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे डॉक्टरने ठरवायची. आपण लॅबवाल्यांनी गोळ्या वाटत फिरायचं नाही. सगळ्यांना किटने तपासून पॉझिटिव्ह आलेल्यांना औषध द्यायचं, या पद्धतीने प्रसार थांबत नाही म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली ती सुचवणं टाळलं, आणि त्यामागे वर सांगितलेली मर्यादाही आहे.

दारात काय बोलायचं

'ताप नाही, मग औषध कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. मी 'वाहक' शब्द वापरत नाही, त्यात आरोप वाटतो. मी म्हणते, "दादा, तुमच्या अंगाने त्याला दाबून ठेवलंय, म्हणून ताप नाही. पण डास तुम्हाला चावून घरातल्या बाळाला चावला, तर बाळाचं अंग त्याला दाबू शकत नाही." एवढं पुरतं. नाही पुरलं तर सोडून द्यायचं आणि 'नकार' असं लिहायचं. नकार आणि गैरहजेरी एकाच रकान्यात घालू नका, दोघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. निकाल घरी जाऊन, एकट्याला सांगायचा. पीसीआरचा निकाल महिन्याने येत असेल तर ते रक्त घेतानाच सांगा, आणि तोवर ताप आला तर कुठे जायचं तेही.

अहवालात टक्केवारीच्या आधी तीन आकडे शेजारी शेजारी द्या: यादीत किती, भेटले किती, पॉझिटिव्ह किती, आणि तेही प्रत्येक वयोगटाचे, बायका-पुरुषांचे वेगळे. कुठली तपासणी वापरली ते त्याच ओळीत. वरिष्ठ एकच आकडा मागतात. मी तरी तक्ताच पाठवते, आणि वीस ते चाळीस वयाच्या पुरुषांच्या ओळीत 'भेटले' चा आकडा निम्म्याहून कमी असेल तर तिथे पेन्सिलने गोल करते.

मग त्या गोलासाठी रात्रीची फेरी लावायची. टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या, हातात धरायचा नको. एका हातात समोरच्याचं बोट असतं, दुसऱ्यात लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई. सेलची एक जोडी जास्तीची. आणि अंगभर कपडे घालून, डास पळवायचं मलम लावून जा, कारण त्या वेळी तेही कामावर असतात.